दोन तिरक्या रेघांच्या पुढे

बायकोच्या जुन्या चिठ्ठ्या सापडल्या आणि नवऱ्याचं डोकं फिरलं, अशा गोष्टी आपण ढिगाने ऐकल्या आहेत. शिवमच्या नशिबी चिठ्ठ्यासुद्धा नव्हत्या. त्याच्या नशिबी आलं ते पंपाच्या स्टार्टरचं कोड, आणि त्या कोडात चंदनने लिहून ठेवलेल्या कमेंट.

कमेंट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. यंत्राने काय करायचं ते कोडात लिहितात. आणि दोन तिरक्या रेघा मारून त्यांच्या पुढे जे लिहितात ते यंत्र वाचतच नाही. ते माणसाने माणसासाठी लिहिलेलं असतं. म्हणजे भर कामात, सगळ्यांच्या देखत, दोघांनी दोघांपुरतं बोलायची सोय. शिवमच्या डोळ्यांत खुपायचं ते नेमकं हेच.

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या अंगाला नवरा-बायकोचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे शेतातल्या पंपाचे ऑटो स्टार्टर बनत. आमच्या वऱ्हाडात शेताची लाइन, म्हणजे वीज, कधी येईल आणि कधी जाईल हे ब्रह्मदेवाला विचारावं. लाइन आली की शेतकऱ्याने हातातलं ताट सरकवून विहिरीकडे धावायचं, त्याऐवजी हा डबा लाइन आल्याचं ओळखतो आणि आपला आपण पंप सुरू करतो. डब्याची कल्पना मुळात रागिणी आणि चंदन या दोघांची. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला दोघांनी मिळून तो प्रोजेक्ट केला होता. रागिणी अकोल्याची. चंदन मोर्शीचा, घरची संत्र्याची बाग, त्यामुळे पंपाचं दुखणं त्याच्या घरातच होतं. कॉलेज संपल्यावर चंदन बंगलोरच्या कुठल्याशा चिपच्या कंपनीत गेला आणि तिकडचाच झाला. तिथेच लग्न, तिथेच पोरं, दिवाळीला फक्त एक फटाक्याचं चित्र पाठवायचा. रागिणीने मात्र डबा सोडला नाही. घरच्यांनी स्थळं पाहायला घेतली तेव्हा तिची अट एकच होती, अमरावती आणि डबा सुटणार नाही.

शिवम बाळापूरचा. पुण्यात याच प्रकारच्या कामात होता, चिपच्या अगदी पोटात शिरून कोड लिहायचं काम. त्याला मुलगी आवडली, अटही आवडली. पुण्याची नोकरी सोडून तो अमरावतीत आला. बाळापुरात चुलते-मामे हसले, घरजवाई होऊन बायकोच्या डब्यात जाऊन बसला म्हणाले. शिवमही हसला. ज्याला आपलं काम येतं त्याला असल्या बोलण्याने काही होत नाही.

मग त्याने डब्याचं कोड उघडलं.

कोड देवनागरीतल्या कमेंटनी भरलेलं होतं, आणि मराठीही साधी नाही, कॉलेजच्या कट्ट्यावरची वऱ्हाडी. शिवाय एकाने लिहून ठेवलेलं नव्हे, दोघांचं बोलणं. पहिल्याच पानावर हे होतं:

// चं: इथं थांब. घाई करू नको.
// रा: हे काहून?
// चं: लाइन आली की पयले दोन-तीन झटके खोटे असतात. आमच्या मोर्शीच्या मोटरीनं असाच जीव देल्ला.
// रा: बिचारी.

शिवमने ते वाचलं आणि त्याला हसू आलं. दुसऱ्या पानावर कमी आलं. तिसऱ्या पानावर चंदनने लिहिलं होतं की हा आकडा कुठून आला ते मले विचारू नको, आणि खाली रागिणीने लिहिलं होतं की विचारून राहिली, हे काहून? त्याच्या खाली, तू लय डोकं खाते. त्याच्या खाली, तुले डोकं आहे म्हणून खाते. पुढे चंदनने निमूटपणे आकडा कुठून आला ते समजावून सांगितलं होतं. असं सगळ्या फाइलभर. जिथे म्हणून चंदनने काही केलं, तिथे खाली रागिणीचं ‘हे काहून?’, म्हणजे ‘हे का?’, हजर.

तसं पाहिलं तर त्यात काही नव्हतं. प्रेमाचा एक शब्द नव्हता. शिवमने तो शोधला, खोटं कशाला सांगू. रागिणी बाजारात गेली की तो फाइल उघडायचा आणि दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तसा त्या ओळींवरून फिरायचा. शब्द सापडला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. सापडायचं ते फक्त ‘तू’. रागिणी शिवमला ‘अहो’ म्हणायची, ‘तुमी’ म्हणायची, अकोल्याच्या घरात तशीच रीत होती. चंदनला मात्र ‘तू’, आणि वर ‘तुले डोकं आहे’. शिवमच्या डोक्याबद्दल तिने आजवर काही म्हटलं नव्हतं.

आणि सगळ्यात जास्त लागायचं ते वेगळंच. लग्नानंतर शिवमने डब्यासाठी पुष्कळ कोड लिहिलं. विहीर कोरडी पडली तर पंप बंद करायचं, मोबाइलवरून चालू-बंद करायचं, सगळं त्याचं. नेटकं, घोटीव, एक ओळ इकडची तिकडे नाही. पण त्याच्या एकाही ओळीखाली रागिणीने कधी ‘हे काहून?’ लिहिलं नव्हतं. चालतंय ना, मग ठीक, एवढ्यावर ती पुढे जायची. चंदनला विचारावंसं वाटलं, मला का नाही, हा किडा त्याच्या मनात शिरला तो शिरलाच.

मनातला किडा मनातच ठेवला असता तरी निभलं असतं. पण शिकलेल्या माणसाची गंमत अशी की त्याला पोटदुखीलाही तत्त्व लागतं. शिवमकडे तत्त्व तयार होतं. पुण्यातल्या त्याच्या साहेबाने त्याला शिकवलं होतं की कमेंट म्हणजे गोंगाट. कोड बदलतं, कमेंट तशीच राहते, आणि मग ती खोटं बोलायला लागते. कोड स्वच्छ लिहिलं तर ते स्वतःच बोलतं. कमेंट लागली म्हणजे कोड लंगडं. शिवम हे रागिणीला जेवताना सांगायचा, स्कूटरवर सांगायचा, पाहुण्यांसमोरही सांगायचा. एकदा पुरावाही मिळाला. एका ठिकाणी कमेंट म्हणत होती तीन वेळा तपास, आणि कोड तपासत होतं पाच वेळा. रागिणीनेच नंतर आकडा बदलला होता आणि कमेंट राहून गेली होती. शिवमला लॉटरी लागल्यासारखं झालं. रागिणीने चूक कबूल केली, कमेंट दुरुस्त केली आणि आपलं म्हणणं सोडलं नाही. तिचं म्हणणं असं की वरच्या गोड गोड भाषेतल्या कोडात कमेंट नसली तरी चालेल, पण इथे आपण चिपशी थेट बोलतो, अमुक खान्यात तमुक आकडा टाक, एवढंच. “आकडा काय करायचं ते सांगते,” ती म्हणायची. “काहून करायचं ते आकडा कसा सांगन?”

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मी म्हणेन. फक्त रागिणीने एकटीने लिहिलेल्या कमेंट वाचताना शिवमला आपलं तत्त्व आठवत नसे. ते नेमकं ‘चं’ दिसलं की उसळून वर यायचं.

जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली तेव्हा सुंठीवाचून खोकला गेला. नवी चिप घ्यायची म्हणजे कोड नव्याने बसवणं आलं, आणि ते काम शिवमचं. त्याच सुमारास रागिणीच्या आईचं, माणिकबाईंचं, डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि रागिणी अकोल्याला गेली. शिवमने भर दुपारी वर्कशॉपचं दार लोटून घेतलं, पंखा लावला आणि कोड नव्या चिपवर आणलं. ते काम त्याने छान केलं. मग कमेंट काढायला घेतल्या. आधी निवडून काढाव्यात असा विचार होता. नंतर निवड कुठे करत बसायची म्हणून सगळ्याच काढल्या, रागिणीच्या एकटीच्याही. पाठोपाठ जुनं फोल्डरही पुसलं, गोंधळ नको म्हणून. गोंधळ कुणाचा होणार होता हे त्याचं त्याला ठाऊक.

काढताना एका कमेंटपाशी त्याचा हात थांबला. ती त्याची सगळ्यात नावडती, कारण तीत रागिणीच्या ताईचं लग्न होतं, अकोल्यातलं. म्हणजे चंदन त्या लग्नाला गेला होता. शिवमचं रागिणीशी नाव निघण्याच्याही आधी चंदन त्या घरात जेवून आला होता. पुढे पंपाबद्दल काहीतरी होतं. शिवमने ती ओळ शंभरदा वाचली असेल, पण दरवेळी लग्नापाशीच त्याचं डोकं सणकायचं आणि पंपापर्यंत तो पोचायचाच नाही. या खेपेलाही पोचला नाही. ओळ गेली.

शेवटी त्याने प्रोग्राम बांधून पाहिला. चिपमध्ये जाणारी फाइल आधी जेवढी होती तेवढीच भरली. एक बाइटही कमी झाला नाही. एवढं सगळं काढून यंत्राला पत्ता नाही, म्हणजे तो सगळा गाळच होता की नाही? शिवमला त्या दिवशी झकास झोप लागली.

रागिणी परत आली, तिने फाइल उघडली, खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली. सगळंच काढलं का, असं तिने विचारलं. शिवमने बाइट सारखेच असल्याचं दाखवलं. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग शिवमकडे पाहिलं, आणि असो म्हणून आईच्या डोळ्यात घालायचे थेंब विसरले नाहीत ना ते बघायला अकोल्याला फोन लावला. शिवम भांडणाची पूर्ण तयारी करून बसला होता. भांडण झालंच नाही, आणि ते न होणं त्याला फार लागलं. जिला फाइलमधून ते सगळं गेल्याचं दुःख नाही तिने ते दुसरीकडे कुठेतरी जपून ठेवलं असेल, असा हिशोब त्याने केला. मत्सरी माणसाचा हिशोब नेहमीच असा बरोबर येतो.

मार्चमध्ये खुशालरावांचा फोन आला. खुशालराव म्हणजे अकोटच्या पुढचे, सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याची मोठी बाग असलेले गृहस्थ. रागिणीच्या माहेरच्या ओळखीतले, म्हणून शिवमला जावईबापू म्हणायचे आणि जावयाला बोलावं तसं मोकळं बोलायचे. त्यांच्या शिवारात जवळजवळ प्रत्येक विहिरीवर नव्या चिपचा हाच डबा होता, त्यांनीच बसवून दिलेला. त्यांची तक्रार अशी की डबे एकसारखे वागत नाहीत. लाइन आली की एकाचा पंप लगेच उठतो, दुसऱ्याचा रेंगाळत उठतो. आणि ज्याचा रेंगाळतो त्याला चैन पडत नाही. “शेजाऱ्याचं पाणी आधी चालू होते, जावईबापू,” खुशालराव म्हणाले. “माणूस सगळं सहन करते, हे नाही करत.”

शिवमला हे लगेच पटलं. कुणाला पटावं तर त्यालाच.

त्याने कोडात शोधलं आणि जागा सापडली. डबा सुरू होण्याआधी किती थांबायचं हा आकडा तिथे डब्याच्या सिरीयल नंबरवरून काढला होता. नंबराचं शेपूट, म्हणजे शेवटचे आकडे, कापून घ्यायचं, त्याला कशाने तरी गुणायचं, तेवढं थांबायचं. शिवमने ओळ दोनदा वाचली. कोणता शहाणा माणूस डब्याच्या नंबरावरून पंप उशिरा चालू करेल? कॉलेजच्या पोरांनी चाचणीसाठी काहीतरी केलं असेल आणि ते राहून गेलं असेल. इथे चंदनची काहीतरी कमेंट होती एवढं त्याला आठवलं. ती लग्नाचीच, हेही आठवलं. रागिणी पलीकडच्या टेबलावर तारांना डाग देत बसली होती. हाक मारून विचारायचं तर चंदनचं नाव काढावं लागणार होतं. ज्या नावाला आपण दाराबाहेर काढलं त्याला आपणच आवतण कशाला द्यायचं? त्याने विचारलं नाही. ओळ काढली, सगळ्या डब्यांना सारखाच, अगदी थोडा थांबा दिला, आणि प्रोग्राम खुशालरावांच्या पोराकडे पाठवून प्रत्येक डब्यात भरून घ्यायला सांगितलं.

शिवारात आनंदीआनंद झाला. लाइन आली की सगळे पंप एका दमात चालू. खुशालरावांनी त्याचा व्हिडिओ पाठवला. चहूकडून एकदम पाण्याचा आवाज, आणि मागे कुणीतरी वा वा म्हणतं आहे. शिवमने तो रागिणीला दाखवला नाही. आपण एकट्याने केलेलं काम आपल्यापाशीच असू द्यावं, असं त्याला वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या उन्हात डीपी उडाली. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्या विहिरींना वीज देणारा. आधी फ्यूज जात होते, लोक बदलत होते. मग एका सकाळी लाइन आली आणि डीपीतून आवाज झाला, तेल गळालं, आणि शिवार थंड पडलं. नवी डीपी लगेच मिळत नाही. उन्हाळ्यात सगळीकडचीच मागणी असते. आणि बागांवर आंबिया बहार होता, गोट्यांएवढी फळं धरलेली. त्या फळाला या दिवसांत पाणी तुटलं की झाड फळ टाकून देतं.

फोन रागिणीने घेतला. खुशालरावांनी रागाने नाही, थकल्या आवाजात सांगितलं की या डब्यांकडे एकदा येऊन पाहा. दोघं सकाळच्या एसटीने परतवाडा, अंजनगाव करत अकोटला उतरले आणि खुशालरावांच्या जीपमधून शिवारात गेले. वाटेत रागिणीने शिवमला काय बदललं होतं ते विचारलं. त्याने, थोडी साफसफाई, असं उत्तर दिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

बागेत गेल्यावर बोलायची गरजच उरली नाही. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडला होता. दोन-तीन शेतकरी आळ्यात बादलीने पाणी टाकत होते, म्हणजे दुष्काळात चमच्याने जेवण. खुशालरावांनी खांबाकडे बोट दाखवलं आणि लाइन आली की सगळे पंप कसे एका दमात उठायचे ते सांगितलं. आधी असं नव्हतं, गेल्या महिन्यापासून झालं, आम्हीच मागितलं होतं, असंही प्रामाणिकपणे सांगितलं. “डीपी आज ना उद्या येईन,” ते म्हणाले. “झाडानं टाकलेलं फळ येत नाही.”

रागिणी एका जागी उभी राहिली. तिला उलगडलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“अहो, नंबराची ओळ काढली का तुमी?”

शिवमने होकारार्थी मान हलवली. रागिणीने खाली पडलेलं एक फळ उचललं, हातात फिरवलं, आणि ती पुसलेली कमेंट शाळेत कविता म्हणावी तशी सरळ आवाजात म्हणाली:

“चं, अकोल्याले तुह्या ताईच्या लग्नात आठवते का? जेवणाचं दार उघडलं अन् सगळे एकदम शिरले, टेबल आडवा झाला, कोणालेच जेवण नाही भेटलं. पंपाइचं तसं होऊ देऊ नको. एका डीपीवर सगळे एकदम उठले तं डीपी जाईन. ज्याले त्याले नंबरानं उठू दे.”

शिवमला आधी डीपी कळली आणि मग बाकीचं. शंभरदा वाचलेली ओळ त्याने आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. एवढी साधी गोष्ट. पंप सुरू होताना विजेचा मोठा घोट घेतो; सगळ्यांनी एकदम घोट घेतला तर खांबावरचं भांडं फुटणारच. पूर्वी माणसं चालत विहिरीवर जायची, कुणाची वाट लांब, कुणाची जवळ, तेव्हा ते आपोआप सांभाळलं जायचं. डब्यात ते मुद्दाम सांभाळावं लागलं होतं. पंधरा-वीस घरांची बाग त्याने एका लग्नाच्या जेवणावरून वाळवली होती.

आणि एवढं कळूनही, ते गळलेलं फळ समोर असूनही, त्याच्या मनात दुसरंच वर आलं. शरम वाटली, पण आलं.

“पाठ आहे तुले,” तो म्हणाला.

“पाठ राहीनच,” रागिणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी विचारलं होतं, त्यानं सांगतलं होतं. तुमी एवढ्या वर्षात काय ठेवलं, काय काढलं, कधी एका ओळीनं सांगतलं का मले? तुमचं मी काय पाठ करू?”

खुशालराव समजूतदार माणूस. ते पाण्याचं बघायला पलीकडे गेले.

शिवमला त्या क्षणी पुष्कळ सांगायचं होतं. तू मला कधी विचारलंच नाहीस, हे तर फार वर्षांचं ओठांवर होतं. पण विचारायला जागा कुठे ठेवली होती त्याने? घोटून गुळगुळीत केलेल्या भिंतीला माणूस खिळा कुठे ठोकणार. तो बांधावरच्या आंब्याखाली लॅपटॉप उघडून बसला. नंबराची ओळ परत लिहिली. रागिणी उभीच होती, हातात प्रोग्राम भरायची केबल घेऊन.

त्याने तिच्याकडे पाहिलं. आता ती चंदनची कमेंट शब्दन् शब्द लिहायला सांगेल, आणि आपल्याला आपल्या हाताने ‘चं’ लिहावं लागेल, असं त्याला वाटलं. शिक्षा म्हणून त्याने ते केलंही असतं. पण ती म्हणाली, “ते गेलं ते गेलं. आता तुमचं तुमी लिहा.”

त्याने दोन तिरक्या रेघा मारल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काय लिहावं सुचेना. ज्याला सगळ्यांच्या कमेंट खोट्या वाटत आल्या त्याला स्वतःची खरी लिहायला वेळ लागला.

// शि: सगळे पंप एकदम सुरू झाले तर डीपी जाते. म्हणून ज्याचा त्याचा नंबर. ही ओळ मी काढली होती.

रागिणीने वाकून वाचलं, हं म्हणाली, आणि केबल घेऊन पहिल्या विहिरीकडे चालू लागली. त्या दिवशी दोघं उन्हात विहिरी-विहिरी फिरले आणि डबे परत भरले. जिथे जिथे शेतकरी भेटला तिथे शिवमने चूक आपली असल्याचं सांगितलं. एकाने शिव्या दिल्या, बाकीच्यांनी पाणी दिलं. खुशालरावांनी परत जाताना जीपमधून उतरवलं तेव्हा जावईबापू म्हटलं नाही, शिवमभाऊ म्हटलं. ते शिवमला बरोबर वाटलं.

नवी डीपी आली तेव्हा एप्रिल संपत आला होता. निम्मी फळं गेली, निम्मी राहिली. डबे पुन्हा एकामागून एक उठू लागले, आणि या वेळी कुणी शेजाऱ्याचं नाव काढलं नाही.

अमरावतीत मात्र शिवमला एक नवीन खोड लागली. सकाळी वर्कशॉप उघडलं की आधी तो ती फाइल उघडायचा आणि आपल्या ओळीखाली बघायचा. खाली काही नसायचं. चंदनने ओळ लिहिली असती तर एव्हाना खाली दोन-चार ओळींची मैफल झाली असती, हे मनात यायचंच. जित्याची खोड अशी जाते थोडीच. आंब्याचे दिवस आले, माणिकबाई डोळा दाखवायला येऊन गेल्या, रागिणी नेहमीसारखी बोलत होती, हसत होती, अहो म्हणत होती. ओळीखाली काही नव्हतं.

मग एका सकाळी होतं.

// शि: ... ही ओळ मी काढली होती.
// रा: हे काहून?

शिवमने मान वर करून पाहिलं. रागिणी पलीकडच्या टेबलावर त्याच्याकडे पाठ करून डाग देत होती. राळेचा धूर पंख्याबरोबर वर जात होता. तिने वळून पाहिलं नाही.

त्याने लिहिलं की शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. ते खरंच होतं. वाचलं आणि पुसलं. मग लिहिलं की कमेंट नसल्यामुळे कळलं नाही. तेही खरं होतं, आणि तेही त्याने पुसलं, कारण कमेंट कुणी काढली होती हे दोघांनाही माहीत होतं. पंख्याखाली बसून त्याला घाम आला. डीपीचं कारण लिहायला त्याला एवढा वेळ लागला नव्हता. शेवटी त्याने एका दमात लिहून टाकलं, पुन्हा न वाचता.

// शि: चंदनचं नाव पाहवत नव्हतं. तू त्याले विचारत होती, मले नाही.

सवयीने त्याने प्रोग्राम बांधून पाहिला. डब्यात जाणारी फाइल कालच्याएवढीच भरली, एक बाइटही वाढला नव्हता. मग त्याने लॅपटॉप तिच्या खुर्चीकडे वळवून ठेवला आणि नत्थुजीच्या टपरीवर दोन चहा सांगायला गेला.